एका साडीत 12 पिशव्या? कागदावरच!

जुन्या साड्यांपासून बॅगा शिवण्यावरचा लेख वाचला. एका सिल्क साडीतून 12 टोट बॅगा निघतात आणि कापड जवळपास फुकट, हे लेखातलं गणित पटलं नाही. 17 बाय 18 इंचाचे तुकडे, एका बॅगेला दोन, असे साडेपाच मीटरवर मांडले तर 12 बॅगा बसतात खऱ्या, पण ती साडी नवी असेल तर. नेसलेल्या साडीत निऱ्यांच्या आणि घडीच्या रेघांवर रेशीम आधी विरतं, खांद्याला पिनांची भोकं, फॉलच्या जागी टाके उसवल्याच्या खुणा. कापण्याआधी साडी उजेडासमोर धरा, दोन्ही अंगठ्यांनी उभं-आडवं ताणून बघा. "चर्र" झालं की तो भाग बाद. काठ दर्शनी बाजूला हवा असेल तर मांडणी आणखी आखडते. पाच-सहा बॅगा निघाल्या तरी चांगलं समजा.

फ्यूजिंगचा, म्हणजे कापडाच्या मागे इस्त्रीने चिकटवायच्या गोंदवाल्या थराचा, तर लेखात उल्लेखच नाही! त्याशिवाय रेशीम शिवणीलगत फाटतं. ते चिकटवताना इस्त्री सरकवायची नाही. दाबून धरायची, उचलायची, पुढे ठेवायची. प्लॅस्टिकच्या जरीचा काठ गरम इस्त्रीने आकसतो, म्हणून आधी कोपऱ्यावर तपासा आणि वर सुती कापड घ्या. बॅगेला 5 नंबरची (जाड दात्यांची) चेन, 3 नंबरची (बारीक) पाउचपुरती. शिवाय धुणं, उसवणं, तपासणं, जुळवणं यातच शिलाईइतका वेळ जातो. ती मजुरी किमतीत धरली नाही तर "फुकटचं" कापड ठाणातल्या नव्या कापडापेक्षा महाग पडतं. आणि फ्यूजिंगचा गोंद, पॉलिस्टरचं अस्तर लावून लेबलवर "100 टक्के पर्यावरणपूरक" छापू नये. "जुन्या साडीपासून" एवढं पुरे.