डॉक्साब, सब ठीक तो है ना?

डॉक्टरने स्वतःचं ब्लडप्रेशर स्वतः मोजू नये. माझं मी मोजतो तेव्हा ते १२०/८० येतं. सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकदाही हललेलं नाही. २०२५च्या उन्हाळ्यात एका वर्गमित्राकडे कैरीचं पन्हं प्यायला गेलो, तर त्याने बोलता बोलता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. १५४/९६.

"दुसऱ्या हाताला बघ," मी म्हणालो.

दुसरा हातही माझाच निघाला.

"व्यायाम?" त्याने विचारलं.

"रोज," मी म्हणालो. खोटं नव्हतं. रोज चाळीसेक लोकांना मी व्यायाम लिहून देतो. 'रोज ३० मिनिटे चालणे' ही ओळ माझा हात आता झोपेतही लिहील. फक्त ती बसून लिहावी लागते, ही तिच्यातली मुख्य अडचण.

मेडिकलला असताना आम्हाला लंडनच्या बसचा किस्सा होता. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की दुमजली बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत, एकाच धुरात दिवस काढतात. पण हृदयविकार ड्रायव्हरला जास्त होतो. कारण तो बसून असतो आणि कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. परीक्षेत यावर मी पानभर लिहून मार्क मिळवले होते. त्या दिवशी दवाखान्यात परत आलो, खुर्चीत टेकलो आणि कंपाउंडरकडे पाहिलं. तो नंबर पुकारत होता, इंजेक्शनचा ट्रे आणत होता, खालच्या मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन येत होता, चहा सांगायला पुन्हा खाली जात होता. त्याचं बीपी मोजलं. ११८/७६. माझ्या बसचा कंडक्टर ठणठणीत होता आणि ड्रायव्हर मी.

सायकल घरातच होती. वडिलांची, चोवीस इंची, काळी, चेनकव्हरवाली, जिन्याखाली उभी. वडील मास्तर. राजेंद्रनगरला घर बांधलं तेव्हा लोक त्यांना म्हणाले, गावाबाहेर कुठे चाललात? आणि तिथून ते तीस वर्षं हिच्यावरून इंदूरभर फिरले. त्यांना बीपी होतं का, ते आम्हाला कधी कळलंच नाही, कारण ते मोजायला थांबले नाहीत. मी सायकल दुकानात नेली. ओव्हरऑइलिंग, छर्रे नवे, टायर-ट्यूब नवी, पुढच्या चाकाचा आउट काढला, सीटला कव्हर. १,८५० रुपये. लिपिड प्रोफाइल, ईसीजी आणि टू-डी इको यांच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, असं मनाशी म्हणत सोमवारी सकाळी निघालो. राजेंद्रनगर, महू नाका, जवाहर मार्ग, राजवाडा ओलांडून रामबागेतला दवाखाना. सहा-सात किलोमीटर.

महू नाक्याच्या सिग्नलला शेजारी एक स्कूटर थांबली. माझा जुना पेशंट. त्याने आधी सायकल पाहिली, मग मला, मग पुन्हा सायकल. म्हणाला, "गाडी सर्व्हिसिंग पे है क्या, डॉक्साब?" मी म्हटलं, नाही, अशीच. सिग्नल हिरवा झाला तरी तो हलला नाही. "पीछे बैठ जाओ, छोड़ देता हूँ."

रामबागेत पोचलो तेव्हा गल्लीतल्या काकू दारात तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच धरून म्हणाल्या, "अगंबाई, डॉक्टर, सायकलवर येऊन राहिले?" (आमच्या इंदुरी मराठीत लोक येत नाहीत, येऊन राहतात. पुण्याची मंडळी हसतात, हसोत बापडी.) दवाखान्याखालच्या मेडिकल स्टोअरवाल्याने तर काउंटरची फळी उचलली, बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्साब, सब ठीक तो है ना?"

आठवडाभर हेच. विचारण्यात कुचेष्टा नव्हती, कळवळा होता, आणि कळवळ्याला उत्तर देता येत नाही. मी जितकं म्हणावं 'तब्येतीसाठी हो', तितके लोक समजुतीने मान हलवत. एक काका तीन वर्षांपासून "पुढच्या वेळी देतो" म्हणत होते. त्यांनी पाकीट काढून १,४०० रुपये टेबलावर ठेवले आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता निघून गेले. दोन आठवड्यांत माझी जेवढी थकबाकी वसूल झाली, तेवढी बँकांची दहा वर्षांत झाली नसेल.

पण नवीन पेशंट कमी झाले. कंपाउंडरने रजिस्टर पुढे सरकवलं. "सर, लोग बोल रहे हैं डॉक्साब की चल नहीं रही. और जिसकी चल नहीं रही..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. दवाखान्यासमोर गाडी उभी असेल तर आत डॉक्टर असतो; सायकल उभी असेल तर आत डॉक्टरचा पेशंट असतो.

मला राग यायला हवा होता, पण हा आजार माझ्या ओळखीचा आहे. बीपीची साधी गोळी लिहून दिली की पेशंट पट्टी उलटीपालटी करून किंमत शोधतो. ती फार कमी निघाली की चेहरा पडतो. "इतनी सस्ती? काम करेगी?" तेच औषध, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, चकचकीत पाकिटात चौपट किमतीला दिलं की पंधरा दिवसांनी हसत येतो आणि म्हणतो, इस वाली ने फ़र्क़ किया. तो खोटं बोलत नाही. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक प्रयोग आला होता. ८२ लोकांच्या मनगटाला विजेचे हलके झटके दिले आणि वेदना कमी करणारी 'नवी' गोळी दिली. निम्म्यांना सांगितलं, गोळी अडीच डॉलरची. निम्म्यांना सांगितलं, दहा सेंटची. अडीच डॉलरवाल्यांत ८५ टक्के लोकांना आराम पडला, दहा सेंटवाल्यांत ६१ टक्क्यांना. गोळीत औषध नव्हतंच, दोन्हीकडे. मी दहा सेंटची गोळी होऊन रामबागेत हिंडत होतो, एवढंच.

बायकोने निकाल लावला. "अहो, चालवायचीच आहे ना, मग घ्या की नीटशी. ह्या मास्तरांच्या सायकलीने मास्तरांसारखेच दिसता तुम्ही."

ऑगस्टमध्ये नवी सायकल घेतली. ६२,००० रुपये. त्यात स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, आणि सीट म्हणजे एक काळा पापड. जे जे नाही त्याचे जास्त पैसे, हे मी पंचतारांकित हॉटेलच्या ताटात पाहिलं होतं, सायकलीत प्रथम पाहिलं. मग त्या पापडावर बसता यावं म्हणून गादीवाली चड्डी, २,४००. बैठकीची दोन हाडं, त्यांच्यामधून जाणारी नस, हे सगळं मी एमबीबीएसला चित्र काढून रंगवलं होतं. पण ती नस आपल्यालाही दिली आहे, हे महू नाका ते राजवाडा या पट्ट्यात उमगलं. हेल्मेट, दिवे, पाण्याची बाटली, बाटली अडकवायचा पिंजरा. सगळं मिळून ७०,५०० झाले. बायकोने हिशेबाच्या वहीत मांडलं: दवाखान्याला जाऊन येऊन गाडी लिटरभर पेट्रोल खाते, म्हणजे सायकल सुमारे साडेसहाशे दिवसांनी फुकट पडेल. खाली कंसात लिहिलं, 'रविवार व पावसाळा सोडून'.

आणि २२ सप्टेंबरला सरकारने सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला. ऑगस्टमध्ये घेणाऱ्याला ३,८७५ रुपयांचा फटका. बीपी त्या दिवशी मुद्दाम मोजलं नाही.

पण गल्ली बदलली! "डॉक्साब ने बासठ हज़ार की साइकिल ली" ही बातमी माझ्याआधी दवाखान्यात पोचली. मेडिकल स्टोअरवाल्याने पुन्हा फळी उचलली आणि या वेळी सायकल एका बोटाने उचलून पाहिली. काकूंनी तुळशीला पाणी घालता घालता सुनेला हाक मारून दाखवलं, "बघ, डॉक्टर तब्येतीला किती जपून राहिले!" पाय तेच, रस्ता तोच, घाम तोच. महिन्याभरात रजिस्टर पूर्ववत झालं, आणि उधारीही.

बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब शुगर दाखवायला येतात. त्यांनी मला फोनवर आलेला एक विनोद वाचून दाखवला, की सायकलवाला म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेवर घाला: गाडी घेत नाही, पेट्रोल भरत नाही, आजारी पडत नाही. मी त्यांना बायकोची वही दाखवायला हवी होती. शिवाय वहीत रविवार नाही. रविवारी आम्ही सात-आठ जण पहाटे निघतो. त्यात दोन डॉक्टर, एक सीए, एक साड्यांचे व्यापारी. भंवरकुआं, तेजाजी नगर, रालामंडलपर्यंत जाऊन परत. मोठ्या कष्टाने पाचेकशे कॅलरी जाळतो आणि थेट पोह्याच्या दुकानापुढे उतरतो. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली ती पिवळी परात, वर शेव, कांदा, जिरावन मसाला, आणि शेजारी कढईतून निघालेली जलेबी. इंदुरात पोह्याबरोबर जलेबी नाकारणं म्हणजे लग्नात अक्षता नाकारणं. मग सीए म्हणतो, एक-एक कचोरी. अर्थव्यवस्थेला आमच्यापासून धोका असेल तर तो खोबरेल तेलाला उन्हाळ्यापासून असतो तेवढाच. अर्थव्यवस्थाही तशीच वितळून जास्त पसरते.

राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्याने बसवली, त्या सायमन कुझ्नेट्सनेच १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाचं भलं चाललंय की नाही ते ठरवू नका. साहेबांना मी हे सांगितलं. माझी नवी सायकल त्या आकड्यात आहे, बीपीची गोळी आहे, जलेबी आहे, आणि उद्या खड्ड्यात पडलो तर हाडाच्या डॉक्टरचं बिलही मोठ्या दिमाखात आत येईल. वडिलांची तीस वर्षं मात्र जवळपास नाहीतच. वर्षाला एक ओव्हरऑइलिंग आणि चार पंक्चर, एवढेच ते देशाला दिसले असतील. साहेब विचारात पडले. म्हणाले, "ते ठीक, पण शुगर?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी रालामंडलहून परतताना मागचं चाक बसलं. मंडळी पुढे निघून गेली होती. जलेबीच्या दिशेला कोणी मागे वळून बघत नाही. खंडवा रोडच्या कडेला पत्र्याच्या टपरीत एक चाचा बसले होते. मी बिल्ला लावल्यासारखा चमकत सायकल उभी केली, म्हणजे आडवी केली, कारण स्टँड नाही.

चाचांनी ट्यूब काढली, थोडी फुंकली आणि पाण्याच्या घमेल्यात इंच इंच फिरवली. बुडबुडे आले. त्यांनी मला बोलावून ते दाखवले. मग टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. घासलं, सोल्युशन लावलं, चकती चिकटवली, पुन्हा पाण्यात बुडवून दाखवलं: एकही बुडबुडा नाही. वीस रुपये. रोग दाखवला, कारण हातावर दिलं, बरा झाल्याचा पुरावा दिला आणि पुढच्या तारखेला बोलावलं नाही! माझ्या धंद्यात अशी केस मी पाहिलेली नाही.

घोळ हवेपाशी झाला. माझ्या सायकलीचा व्हॉल्व्ह पेन्सिलच्या टोकासारखा बारीक, परदेशी. चाचांच्या पंपाची नळी त्यावर बसेना. "इसमें हवा किधर से जाती है?" माझा पंप, अर्थात, घरी. सायकलींना लागलेला हवेचा टायर काढला तो बेलफास्टच्या डनलपने, १८८८ साली, पोराच्या तीनचाकीसाठी. माणूस पेशाने जनावरांचा डॉक्टर. वडिलांच्या काळ्या सायकलीला अजून त्याच्याच नावाचा व्हॉल्व्ह आहे आणि तिच्यात देशातला कुठलाही चाचा हवा भरू शकतो. बासष्ट हजारांत मी ती सोय गमावली होती.

लोडिंग रिक्षाला फोन केला. ती येईपर्यंत चाचांनी गुडघा पुढे केला. मी दाबून, वाकवून पाहिला, हाडांची कुरकुर हाताला लागली. झिजलाय. उकिडवं बसू नका, मांडीचे हे दोन व्यायाम करा आणि फारच दुखलं तर पॅरासिटामोल घ्या, मी म्हटलं. चाचांचा चेहरा पडला. "वो तो बुखार की है, डॉक्साब. दो रुपये की." त्यांनी आडव्या पडलेल्या सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेरे पैसे की फ़िक्र मत करो. अच्छी वाली लिख दो."

मी ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि नीट सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एन-अ‍ॅसिटिल-पॅरा-अमिनोफेनॉल, ५०० मिलिग्रॅम'. सांगितलं, पोट भरलेलं असतानाच, आणि बरोबर पूर्ण ग्लासभर कोमट पाणी, अर्धा चालणार नाही. माझ्या दवाखान्याखालीच मिळेल. चाचांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, वरच्या खिशात ठेवला आणि वीस रुपये घ्यायला नकार दिला.

संध्याकाळी मेडिकल स्टोअरवाल्याचा फोन आला. "डॉक्साब, एक बुज़ुर्ग पुट्ठा ले के आए हैं. ये कौन सी नई दवा है? मेरे कंप्यूटर में नहीं आ रही."

"पॅरासिटामोल."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"डॉक्साब," त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सब ठीक तो है ना?"