टाळ्या वाजवणारे आणि बोटं मोडणारे
मे २०२५ मध्ये ब्रिटननं हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली. भारतातल्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या: चोरीचा माल परत निघाला! इथे ब्रिटनमध्ये मात्र 'शरणागती', 'विश्वासघात' हेच शब्द माझ्या कानावर पडत होते. करारानुसार त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनकडेच राहणार आणि त्यापायी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड मोजायचे. विरोधकांचा सवाल सोपा आहे. घर द्यायचं आणि वर भाडंही आपणच भरायचं?

घर आपलं होतं का, हे कुणी विचारत नाही. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये, ब्रिटननं ही बेटं त्याच्यापासून तोडली. ते बेकायदा होतं, असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०१९ मध्ये दिलं.

तरी भूभाग सोडताना सरकारला वाटणारी धास्ती खोटी नव्हे. १९८० मध्ये निकोलस रिडली या ब्रिटिश मंत्र्यानं दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांचं सार्वभौमत्व अर्जेंटिनाला देऊन बेटं भाडेपट्ट्यानं ठेवायची कल्पना मांडली, तेव्हा सर्व बाकांवरचे खासदार त्याच्यावर तुटून पडले. दीड वर्षाच्या आत त्या बेटांवरून अर्जेंटिनाशी युद्ध पेटलं. देणाऱ्याची खुर्ची लगेच हलते. न देण्याची किंमत मागाहून येते, आणि बहुधा दुसऱ्याच्या माथी. चागोसच्या वाटाघाटी २०२२ मध्ये हुजूर पक्षानंच सुरू केल्या होत्या. विरोधात बसल्यावर त्याच पक्षाला त्यात देशद्रोह दिसू लागला.

हे मित्रांना सांगितलं की ते हसतात. मग मी कच्चथीवूचं नाव काढतो. १९७४ मध्ये भारतानं ते निर्मनुष्य बेट श्रीलंकेचं मानलं, आणि २०२४ च्या निवडणुकीतही त्यावरून रान पेटलं. ती वसाहत नव्हती, कबूल. पण बोटं मोडण्याची तऱ्हा तीच. उलट २०१५ मध्ये बांगलादेशाच्या हद्दीत अडकलेल्या भारताच्या १११ वस्त्या त्या देशाला देऊन भारतात अडकलेल्या त्याच्या ५१ घेतल्या, तेव्हा संसदेत एकही मत विरोधात पडलं नाही. आधी विरोध करणारा भाजपच सत्तेत होता आणि काँग्रेसनं साथ दिली, एवढाच फरक.

चागोसच्या करारावर सही व्हायची होती त्या सकाळी, दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या अर्जावरून लंडनच्या उच्च न्यायालयानं ती रोखली होती. आम्हाला विचारलंच नाही, ही त्यांची तक्रार. दुपारी मनाई उठली, आणि सही झाली.