जेम्स पीटर्स: 'पहिला' नेमका कोणत्या अर्थाने?

'जेम्स पीटर्स हा रग्बीतला जगातला पहिला गोरेतर आंतरराष्ट्रीय खेळाडू' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो बरोबर नाही. पीटर्स इंग्लंडच्या रग्बी युनियन (रग्बीचा पंधरा खेळाडूंचा प्रकार) संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एवढंच खरं. आणि तेवढंही फार मोठं आहे. त्याचा पहिला सामना १९०६ साली, स्कॉटलंडविरुद्ध. पण त्याच्या ३५ वर्षं आधी, २७ मार्च १८७१ रोजी, एडिंबरोत रग्बीचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा स्कॉटलंडकडून आल्फ्रेड क्लुनीज-रॉस खेळला होता. तो हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरचा, मलय आईचा मुलगा. त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या एका सामन्यापुरतीच राहिली, म्हणूनच बहुधा तो विसरला गेला.

पीटर्सची गोष्ट मात्र वाचताना जीव हळहळतो. वडील जमैकाचे, सर्कशीत काम करणारे. बालपण अनाथालयात. १९०६ मध्येच दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडमध्ये आला. डेव्हन या इंग्लिश परगण्याच्या संघाकडून पीटर्स मैदानात उतरणार म्हटल्यावर पाहुण्यांनी खेळायला कुरकुर केली. पुढे त्यांच्याविरुद्धच्या इंग्लंडच्या संघात त्याला घेतलंच नाही. १९०८ पर्यंत त्याच्या वाट्याला पाचच सामने आले. क्लुनीज-रॉसचं नाव पुसून पीटर्सचा मान वाढत नाही. मजकूर पुढे पाठवणार असाल, तर 'जगातला' काढून 'इंग्लंडचा' लिहा.