फाशी सोडून बोलू या का?

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक ठरावीक आठवडा येतो. कुठेतरी बलात्काराची बातमी येते, मेणबत्त्यांचे फोटो पडतात आणि सोलापुरात राहिलेले निम्मे व पुण्याला गेलेले निम्मे एका सुरात म्हणतात, भर चौकात लटकवा. दोन दिवस जात नाहीत तोच त्यांच्यातलेच काही जण खोट्या केसेसचे व्हिडिओ टाकतात. एकाच आठवड्यात एकाच माणसाला दोन्ही कसं जमतं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "तुला काय जातंय गं तिकडं लेस्टरला बसून बोलायला! तुमच्याकडं कायदे कडक हायत."

कडक कसले? इथे इंग्लंडात शेवटची फाशी 1964 साली झाली, तीही खुनासाठी.

माझी चीड कडक कायद्यावर नाही. ग्रुपवरचा सगळा वाद आरोपीच्या मानेभोवती फिरतो आणि जिच्यावर प्रसंग गुदरला ती बाई पहिल्या मेसेजनंतर गायब होते, याची चीड आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले. का उतरले? शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुरड्यांच्या आईबापांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं, राग त्याचाही होता. सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि आमच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली. ताटकळण्याचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. 2019 मध्ये हैदराबादला पोलिसांनी बलात्काराच्या आरोपींना चकमकीत मारलं, तेव्हाही असेच पेढे होते. पुढे 2022 मध्ये न्या. सिरपूरकर आयोगाने पोलिसांची ती गोळीबाराची कहाणी खोटी ठरवली, पण तो अहवाल ग्रुपपर्यंत पोहोचला नाही. आपल्या विधिमंडळाने 2021च्या डिसेंबरात 'शक्ती' विधेयक मंजूर केलं, त्यात फाशी होती म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये 'टू फिंगर टेस्ट' (पीडितेच्या योनीत बोटं घालून केलेली तपासणी) करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरायचं ठरवलं, ते माझ्या वर्गातल्या दोन डॉक्टरांनाही मीच सांगितलं. (हे सांगताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)

वर्गातली एक मैत्रीण सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. ग्रुपवर ती गप्प असते, फोनवर बोलते. तिच्याकडून ऐकलेलं असं: बाई ठाण्यात सांगते. मग जबाब नोंदवून घ्यायला महिला पोलीस येते, तिला परत पहिल्यापासून सांगायचं. मग मेडिकल, तिथे डॉक्टरला. मग मॅजिस्ट्रेटपुढे. मग दोन, तीन, चार वर्षांनी कोर्टात, आणि तिथे उलटतपासणीत विचारणार, ठाण्यात तुम्ही लाईट चालू होती म्हणालात, इथे बंद म्हणता, नक्की काय? पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बाईला तारखेला यायचं म्हणजे त्या दिवसाच्या हजार विड्या बुडवायच्या. आणि तारीख म्हणजे काम होईलच असं नाही. आरोपीचा वकील आजारी, साहेब रजेवर, साक्षीदार आला नाही. पुढची तारीख.

त्यातून आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा. दीर, शेजारी, कारखान्यातला मुकादम. "तुमच्या ग्रुपला वाटतं फाशी लावली की बाईला न्याय," मैत्रीण म्हणाली, "इथं सासू येऊन पाया पडती, माझ्या पोराला फासावर देतीस का म्हणून. मग साक्षीला बाईच फितूर होती." शिक्षा जितकी मोठी, तितकं तक्रार मागे घेण्याचं ओझं त्या बाईवरच मोठं. एवढं साधं गणित मला इतकी वर्षं कुणी घालून दिलं नव्हतं.

ग्रुपला मात्र मी इंग्लंडच्या चांगल्या गोष्टीच सांगते. इथे सार्कमध्ये, म्हणजे लैंगिक अत्याचार झालेल्यांच्या मदत केंद्रात, पोलिसांना न कळवताही जाता येतं. तपासणी करून घ्या, नमुने ते जपून ठेवतात, तक्रारीचं नंतर ठरवा. मँचेस्टरचं सेंट मेरीज 1986 पासून हे करतंय. आपल्याकडे 2013च्या दुरुस्तीने खासगी दवाखान्यालाही फुकट उपचार बंधनकारक केले, उत्तम केलं, पण त्यांनी पोलिसांना लगेच कळवायचंच. ज्या बाईचं अजून ठरलेलं नाही तिने काय करायचं?

आता जे सांगत नाही ते. इथे गेल्या काही वर्षांत पोलिसांकडे नोंदलेल्या बलात्कारांपैकी शंभरांत तीनच्या आसपासच प्रकरणांत आरोप ठेवले गेले. 2021च्या आढाव्यात सरकारनेच आम्हाला लाज वाटते असं लिहून दिलं. निम्म्याहून अधिक प्रकरणांत तक्रारदार स्वतःच मधे सोडून देते. तिचा फोन पोलीस घेऊन जातात, आरोपीच्या आधी तिचीच झडती. क्राउन कोर्टांत 70,000हून अधिक खटले तुंबलेत. आपल्याकडे आरोपपत्र तरी बहुतेक प्रकरणांत जातं, निकाल लागलेल्या खटल्यांत चतुर्थांशाच्या थोडी वर शिक्षा होते. दोन्ही आकडे एका तराजूत घालता येत नाहीत, मी तरी सोयीनुसार घालते. आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवा असं आपला कायदा म्हणतो. इथल्या कायद्यात तसं स्वप्नही नाही.

इथलं कोर्ट मला नुसतं वाचून कळलेलं नाही. माझा पासपोर्ट भारताचा, पण कॉमनवेल्थवाली म्हणून मतदार यादीत नाव आहे, आणि तेवढ्यावर ज्युरीत, म्हणजे निकाल ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, बसण्याचं पत्र आलं. खटला निघाला बलात्काराचा. बंद खोलीत आम्ही बारा जण काय बोललो ते लिहिलं तर मीच गुन्हेगार ठरेन, म्हणून उघड्या कोर्टात दिसलं तेवढंच सांगते. घटनेला बरीच वर्षं लोटली होती. तक्रारदार बाई पडद्याआड उभी, शेजारी तिची इस्वा, म्हणजे तिला साथ देणारी स्वतंत्र सल्लागार. वर गॅलरीत कुणीही येऊन बसू शकत होतं, आणि आरोपीकडची माणसं बसलीही होती. आपल्याकडे 1983 पासून असे खटले इन-कॅमेरा चालतात. मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर बायका उठल्या, तेव्हा ही तरतूद आली. ते प्रकरण आपल्या चंद्रपुराकडचं. मला त्या दिवशी त्याचा उगाच अभिमान वाटला. इथला आरोपीचा बॅरिस्टर फार सभ्य. आवाज चढवला नाही, 'प्लीज' आणि 'थँक यू' म्हणत त्याने तिला विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याला हसरा चेहरा का पाठवलात? सोलापूरच्या कोर्टात हाच प्रश्न ओरडून विचारला असता. प्रश्न तोच होता.

निकाल निर्दोष लागला. मी काय ठरवलं होतं ते सांगणार नाही, सांगताही येत नाही.

घरी येताना बसमध्ये मला वेगळंच सुचत होतं. सोलापुरात माझं मत कुणाला नको असतं, ग्रुपवर दिलं तरी नको असतं. इथे दोन अनोळखी माणसांच्या आयुष्याचं काय करायचं हे मला विचारलं गेलं, आणि नाव पुकारताना माझं आडनाव नीट उच्चारताही आलं नव्हतं. मी कुठली, असा प्रश्न पडला तर माझ्याकडे दोन उत्तरं असतात आणि समोर कोण आहे यावर मी एक काढते. डिसेंबर 2012च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर ऑफिसात चहाच्या वेळी एकीने कळवळून विचारलं, इंडियात बायका राहतात तरी कशा? तेव्हा मी भारताची वकील झाले. 2021 मध्ये लंडनला सारा एव्हरर्ड या तरुणीला नोकरीतल्याच पोलिसाने ओळखपत्र दाखवून उचललं आणि मारलं, तेव्हा त्याच चहाच्या टेबलावर मी गप्प बसले, पण आतून थोडी सरसावले होते. एका मेलेल्या बाईत मला माझा मुद्दा सापडला होता. ग्रुपवरचे पेढेवाले माझ्यापेक्षा फार लांब नाहीत.

मैत्रिणीला विचारलं, मोर्चे सोड, तुला खरोखर काय हवंय? ती म्हणाली, तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात त्या बाईजवळ बसायला एक माणूस. डबा घेऊन, सकाळपासून पुकारा होईपर्यंत. आरोपीचे भाऊ समोरच्या टपरीवर उभे असतात, तेव्हा तिला एकटं वाटायला नको. आणि त्या दिवसाची मजुरी कुणी दिली तर बरं.

मजुरी मी पाठवीन म्हटलं, दर तारखेला.

"पैशाचं बघू गं," ती म्हणाली, "तारीख सोमवारी हाय, बसायला कोण येणार ते सांग."

मी ग्रुपवर विचारलंय. अजून तरी दोघींचे अंगठे आलेत, त्यातली एक बंगळूरला असते.