उरलेली काळी मेंदी भुवयांना लावू नका

‘पार्लरची तारीख लांब आहे आणि भांगात पांढरं दिसतंय? काळी मेंदी कालवा, मुळांना लावा, पंधरा मिनिटांत धुवा. शंभर टक्के वनस्पती, टेस्टची गरज नाही. दर दहा दिवसांनी लावा. उरलेली वाया न घालवता भुवयांवर फिरवा.’ हा मेसेज महिनाभर फिरतोय. दोनदा आला, मी पुसून टाकला. मग तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि घरातल्या साखरपुड्याच्या दोन दिवस आधी तिने तो तंतोतंत पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डावा डोळा उघडेना. भांगाच्या दोन्ही बाजूंना पाणी धरलेले बारीक फोड, कानामागे लालभडक चट्टा.

आधी भुवयांचं बोलू, कारण मेसेज लिहिणाऱ्याने तिथे कहर केलाय. आपल्याकडे केसांच्या डायवर सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे: भुवया आणि पापण्यांना हे लावू नये, अंधत्व येऊ शकतं. अंधत्व! त्याच सूचनेत टेस्टही सांगितली आहे. कानामागे किंवा मनगट ते कोपर या भागात हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं मिश्रण लावायचं आणि 24 तास थांबायचं. एकदाच नाही, प्रत्येक वेळी डाय लावण्याआधी. मावशीच्या पाकिटावर हे सगळं होतं, पण मोहरीपेक्षा बारीक अक्षरांत. मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचलं.

‘शंभर टक्के वनस्पती’ हे धादांत खोटं. मेंदीच्या पानातला रंग, लॉसोन, केसांना तांबूस-केशरी करतो, काळा नाही. हो, वनस्पतींनी केस काळे होतात, एवढं मान्य करते: आधी मेंदी, मग नीळीच्या पानांची पूड. पण त्यात अर्धा दिवस जातो. पंधरा मिनिटांत काळा रंग चढला तर पाकिटावर पॅराफेनिलीनडायामाइन, म्हणजे पीपीडी, शोधा. ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध असलेलं हेच ते रसायन.

‘मी दहा वर्षं लावतेय, काही झालं नाही’ हे मावशीही म्हणायची. ही ॲलर्जी पुन्हा पुन्हा संपर्क येऊन तयार होते आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दहा दिवसांत जेमतेम तीन मिलिमीटर. तेवढ्यासाठी महिन्यातून तीनदा टाळूवर हे थापायचं?

त्याच मेसेजच्या शेवटी कॉफीच्या पाण्याने केस कायमचे काळे होतात असंही आहे. होत नाहीत. किंचित छटा येते, दोन धुण्यांत जाते. निरुपद्रवी आहे, हौस असेल तर करा.

मधले आठवडे निभवायला भांग बदला. सरळ रेघेऐवजी नागमोडी पाडला की पांढरी पट्टी तुटते. किंवा मुळांवर मारायची रंगीत पावडर घ्या, ती केसांना वरूनच चिकटते आणि शाम्पूने निघते. पावसात आणि घामात मात्र ओघळते, तेव्हा रुमाल जवळ ठेवा. साखरपुड्याला मावशीने शेवटी भांग उजवीकडे घेतला आणि जाड गजरा माळला. पांढरं कुणाला दिसलं नाही. सुजलेला डोळा मात्र प्रत्येक फोटोत आहे.