दिव्यांगस्नेही कॉलेज: खरेदीपासून पाहणीपर्यंत

प्राचार्य महोदय, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची पीअर टीम पाहणीला येणार म्हणून तुमची झोप उडाल्याचं कळलं. सातव्या निकषात दिव्यांगस्नेही परिसर आहे आणि त्यात स्क्रीन रीडिंग सॉफ्टवेअरही विचारलंय. घाबरू नका. टीमला दाखवायचा असतो तो संगणक. तो वापरणारी अंध मुलगी त्या दिवशी रजेवर असली तरी चालतं.

खरेदीत मात्र एक खड्डा आहे, तो सांभाळा. एखादा उत्साही प्राध्यापक एनव्हीडीएचं नाव सुचवील. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ते बनवायला घेतलं, पुढे जेमी टेह हा त्याचा अंध मित्र सोबतीला आला, आणि दोघांनी ते जगाला चक्क फुकट दिलं. आता सांगा, फुकट वस्तूची तीन कोटेशनं कुणाकडून मागवणार? तुलनात्मक तक्त्यात काय भरणार? डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, किंमत शून्य दिसली तर ऑडिटर पहिला संशय तुमच्यावरच घेईल. शिवाय त्यात मराठी आवाजही आहे. आपल्या कानाला तो डबा वाजल्यासारखा लागतो, पण अंध मुलं तो दुप्पट वेगाने पळवून पुस्तकंच्या पुस्तकं ऐकून टाकतात. एवढं वाचणारे विद्यार्थी आपल्याला परवडणार आहेत का?

तेव्हा महागडंच घ्या. संगणकावर पांढऱ्या रंगाने डेड स्टॉक नंबर घाला, वर कव्हर चढवा, ठिकाणाची नोंद असलेला जिओटॅग फोटो काढा आणि खोलीची चावी तिसऱ्या मजल्यावरच्या अशा सहायकाकडे ठेवा, जो बहुधा निवडणुकीच्या ड्युटीवर असतो. लिफ्टवर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ ही पाटी आहे ना? असू द्या. व्हीलचेअरवाला मुलगा खोलीपर्यंत पोहोचलाच नाही, तर कुलूप आहे हे त्याला कळणार तरी कसं?

परिपत्रकं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्येच टाइप करा. डोळ्यांना ते सुंदर मराठी दिसतं, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात. ‘परीक्षा’ या शब्दाच्या जागी संगणकाला सापडतात आय, जे, एच, महिरपी कंस आणि दोन के. कॉपी-पेस्ट करून पाहा, करमणूक होईल. त्याहून सुरक्षित उपाय म्हणजे कागदावर सही-शिक्का मारून, मोबाइलने तिरका फोटो काढून तो ग्रुपवर टाकणे. नोट्सही झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून स्कॅन करा. चित्रात अक्षर नसतं, त्यामुळे वाचून दाखवायला काही उरतच नाही.

एवढं करूनही एखादी मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये येईलच. एनव्हीडीए इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनही चालतं, हे त्या कार्ट्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून व्हायरसचं कारण सांगून सगळे यूएसबी पोर्ट बंद करा. हेडफोनला शिस्तीच्या नावाखाली मनाई करा. स्पीकर लावला तर इतरांना त्रास होतो, हे तर तुम्ही आधीच लिहून ठेवलं असेल.

परीक्षेत ती लेखनिकाऐवजी संगणकावर पेपर लिहू द्या म्हणेल. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना दाखवील, त्यात तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आहे म्हणेल. ‘विद्यापीठाला विचारतो’ म्हणा. विद्यापीठ ‘कॉलेजने ठरवावं’ म्हणेल. या दोन वाक्यांत एक सत्र आरामात निघतं.

मग मुलगी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढील, माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावं म्हणणारं कलम ४२ वाचून दाखवील. आवाज चढवू नका. चहा मागवा, तिच्या जिद्दीचं कौतुक करा, ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलायचं निमंत्रण द्या. तरीही त्या संगणकाचा पासवर्ड मागत राहिली, तर सांगा, रीतसर अर्ज कर. अर्ज विहित नमुन्यातच घ्या, निळ्या शाईत, आणि स्वहस्ताक्षरात.