नेपाळचं 'सोयाबीन' आणि सात हजारांचं गाजर

"नेपाळी शेतकऱ्यांचं सोयाबीन करमुक्त येतं, म्हणून आपला भाव चार हजारांवर आला. साफ्टा करार मोडला की सात हजार! तोवर माल विकू नका." हा मेसेज आता आमच्या काकांनीही पुढे ढकलला, तेव्हा लिहिणं भाग आहे. (साफ्टा म्हणजे भारत, नेपाळसह दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार.)

नेपाळहून येतं ते सोयाबीन नाही, तेल आहे. तेही नेपाळी सोयाबीनचं नाही. अर्जेंटिना-ब्राझीलकडचं कच्चं तेल कोलकाता-हल्दियाला उतरतं, आपल्याच हद्दीतून वीरगंज-विराटनगरच्या कारखान्यांत जातं, रिफाइंड होतं आणि रक्सौल-जोगबनीवरून परत आपल्याकडे येतं. एवढा वळसा कशाला? बाहेरून थेट रिफाइंड तेल आणलं तर 35.75 टक्के शुल्क, नेपाळमार्गे शून्य.

आता ते सात हजार. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल निघतं, उरलेली बहुतेक पेंड. तेल किलोमागे 5 रुपयांनी चढलं तर क्विंटलमागे 90 रुपये वाढतात. नुसत्या तेलाच्या जोरावर 3,000 रुपये वाढवायचे तर तेल किलोमागे जवळपास 167 रुपयांनी महागायला हवं! मेसेज लिहिणाऱ्याने मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर तरी उघडायचं. भाव मुख्यतः पेंडीवर हलतो. त्या पेंडीचं गिऱ्हाईक इथेनॉल कारखान्यांतला मका-तांदळाचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, पळवतोय. कोंबडीखाद्यवाल्यांना तो स्वस्त पडतो. तो काही नेपाळहून येत नाही. आणि कच्च्या तेलावरचं शुल्क मे 2025 अखेर 27.5 वरून 16.5 टक्क्यांवर आणलं ते दिल्लीने, काठमांडूने नव्हे.

चोरवाट आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. साफ्टात नेपाळसारख्या अल्पविकसित देशाला सवलत हवी तर 100 रुपयांच्या मालात परदेशी माल 70 रुपयांहून जास्त चालत नाही. कच्च्या तेलाचा चिकटा, रंग, वास काढला म्हणून किमतीत 30 टक्के भर पडते? तेल-पेंड कारखानदारांच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनची ओरड हीच आहे आणि ती रास्त आहे.

पण त्यावर उपाय करार मोडणं नाही. साफ्टा मोडलात तरी नेपाळशी वेगळा व्यापार करार आहेच. 21 सप्टेंबर 2020 पासून लागू असलेल्या 'कॅरोटार' या कस्टम्सच्या नियमांनुसार नुसतं मूळदेशाचं प्रमाणपत्र पुरत नाही. ती 30 टक्के भर कशी पडली याची माहिती आयातदाराकडे हवी, कस्टम्स ती मागू शकतं, सवलत नाकारू शकतं. गरज पडली तर मर्यादाही घालता येते: 2002 मध्ये नेपाळी वनस्पती तुपावर वर्षाला 1 लाख टनांची मर्यादा घातलीच होती की.

सगळ्यात घातक ते "विकू नका". ओलं सोयाबीन थप्पीला लागलं की पोत्यात ऊब धरतं, बुरशी येते, मग व्यापारी बोट घालूनच भाव पाडतो. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आहे. तो हवा असेल तर सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी वेळेत करा आणि माल उन्हात नीट वाळवा, कारण ओलावा 12 टक्क्यांवर गेला की केंद्रावरून पोती परत येतात.